झाकलेला माग

१

रविंद्रनं चादरीचं टोक धरून ती अलगद मागे ओढली, आणि मागावर कापड नव्हतं.

काल संध्याकाळपर्यंत मंचावरच्या त्या मागावर टसरचं लुगडं अर्ध्यावर आलेलं होतं. रंग सोंगणीला आलेल्या गव्हाचा, काठ तांबडा, आणि काठाच्या कडेनं करवतीचे दात असे बसलेले की बोट फिरवलं तर कापेल असं वाटावं. आता फणीपुढे नुसते धागे लोंबत होते. कापड गुंडाळायचा रूळ उघडा पडला होता. थंडीत अंगावरचं पांघरूण कोणी ओढून नेलेल्या म्हाताऱ्यासारखा.

सिंधूताई निमजे दारातच थांबल्या. दुभाष्याचा बिल्ला साडीला लावता लावता टाचणी बोटात रुतली, ते त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

एकोणऐंशी सालचा जानेवारी. नागपूरच्या धरमपेठेतल्या या सभागृहात देशोदेशीचे पाहुणे जमले होते. गावातली कला गावालाच कशी पोसेल, यावर त्यांची बोलणी चालली होती. कोणी मातीची भांडी घेऊन आलं होतं, कोणी गवताच्या टोपल्या. आज परिषदेचा शेवटचा दिवस. दुपारच्या बैठकीत पाहुणे एक गाव निवडणार होते आणि त्या गावात विणकरांची शाळा उघडणार होती. उमरेडचं नाव त्यात होतं. उमरेडची सगळी आशा या एका मागावर ताणलेली होती.

"कुलूप मी तुमच्यासमोरच उघडलं, ताई," रविंद्र म्हणाला. "तोडलेलं नव्हतं."

"आणि काल लावलं कोणी?" मागून प्रश्न आला. परिषदेचे कार्यवाह मधुकरराव कोटाची बटणं लावत आत येत होते. मागाकडे पाहिल्यावर त्यांचा हात बटणावरच राहिला.

"मीच लावलं, साहेब."

"किल्ली?"

रविंद्रनं खिशातून किल्ली काढून पुढे धरली. एकच होती. मधुकररावांनी ती हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"चार वाजता पाहुणे इथं बसतील," ते म्हणाले. "तोवर कापड मिळालं नाही, तर हवालदाराला बोलावून याला त्याच्या ताब्यात देणं मला भाग आहे."

रविंद्र गजभिये या सभागृहाचा राखणदार. त्याची बायको अनुसया सिंधूताई शिकवतात त्या शाळेत शिकलेली. गेल्या दिवाळीत तिनं दाराशी येऊन, मान खाली घालून, नवऱ्याच्या कामासाठी शब्द टाकायला सांगितलं होतं आणि सिंधूताईंनी तो टाकला होता. त्यांच्या शब्दावर मिळालेली किल्ली आता उघड्या तळहातावर नुसतीच पडून होती, आणि ती परत खिशात ठेवावी की नाही हे त्या माणसाला कळत नव्हतं.

२

मागाचे धनी सभागृहामागच्या खोलीत उतरले होते. श्रावण हेडाऊ आणि गोदूबाई, दोघं उमरेडचे. सिंधूताईंचं बालपण त्यांच्याच गल्लीत गेलं होतं. वडिलांनी माग विकून गिरणीत काम धरलं आणि निमजे कुटुंब नागपूरला आलं, तेव्हा बैलगाडीत सामान चढवायला श्रावणकाकाच होते.

श्रावणकाकांना हाताला धरून मागापाशी आणलं. अर्धवट कापड मागावरून कापणं म्हणजे विणकराच्या घरी मूल दगावल्यासारखं. आता हा माणूस हंबरडा फोडणार, असं सिंधूताईंना वाटलं.

श्रावणकाका वाकले. त्यांनी लोंबत्या धाग्यांवरून दोन्ही तळवे फिरवले, हळूहळू, डावीकडून उजवीकडे. मध्येच बोटं थांबली. चिमटीत काहीतरी धरून त्यांनी चाचपलं, सोडलं. मग सरळ उभे राहिले.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "पोलीस गिलीस काही नको."

"अहो, जाऊ द्या काय?" मधुकरराव म्हणाले. "तुमच्या गावाची शाळा जाईल."

"शाळा जाईन तं जाईन. कापड मायं होतं ना? मी म्हणतो, जाऊ द्या."

गोदूबाई भिंतीला टेकून उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. रविंद्रच्या हाताखालच्या बाईनं पोह्यांची बशी आणली, सतरंजीवर बसा म्हणाली.

"नाही वं बाई," गोदूबाई म्हणाली. "कंबर धरली माही. खाली बसली तं उठवाले चार माणसं लागतीन. उभ्यानंच खातो."

"काल तर धडधाकट होतीस, काकू," सिंधूताई म्हणाल्या.

"काल काल होता. आज थंडी आहे."

ते खरं होतं. खिडकीतून येणारं ऊन सुद्धा गारठलेलं होतं.

सिंधूताई एकट्याच मागापाशी राहिल्या. श्रावणकाकांची बोटं थांबली होती तिथं त्यांनी वाकून पाहिलं.

फणीच्या पुढे वीतभर धागे राखलेले होते. कापड अगदी विणीच्या कडेनं, एका रेषेत कापलेलं. आणि राखलेल्या धाग्यांचे लहान लहान झुबके करून प्रत्येकाला गाठ मारलेली होती, धागे फणीतून मागे निसटू नयेत म्हणून. ते निसटले असते तर सगळी फणी नव्यानं भरावी लागली असती.

चोर कापड नेतो. मागावरच्या धाग्यांची काळजी तो कशाला करील?

३

"हा विणकराचा हात आहे," सिंधूताईंनी मधुकररावांना गाठून सांगितलं. "रविंद्रनं हे केलेलं नाही. परक्या माणसानं कुठंही कात्री घातली असती. गाठ मारायचं त्याच्या मनातही आलं नसतं. ज्याचा जन्म मागावर गेला, त्याच्याच हातून अशी गाठ पडते. चोरी करतानासुद्धा."

बोलताना त्यांना वाटलं, सुटला रविंद्र. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला.

"सिंधूताई, याचा बाप काय करत होता, ठाऊक आहे तुम्हाला?"

"गिरणीत होता."

"गिरणीच्या आधी. याला कामावर ठेवलं तेव्हा तोच अभिमानानं सांगत होता. याचा बाप घरी मागावर पांघरायच्या जाड पासोड्या विणायचा. हाही लहानपणी त्यावर बसलेला आहे." त्यांनी चष्मा चढवला. "मी काही त्याची जातपात काढत नाही. पण तुम्हीच आता मला सांगितलंत, की हे विणकराचं काम आहे. आणि किल्ली त्याच्याकडे."

सोडवायला टाकलेला दोर सिंधूताईंनी आपल्याच हातानं त्याच्या गळ्यात आवळला होता.

रविंद्र मागच्या अंगणात खुर्च्या पुसत होता. कालचा दंडारीचा खेळ त्याच अंगणात झाला होता. मातीत नाचणाऱ्यांच्या पावलांचे ठसे अजून ताजे होते.

"खरं सांग," सिंधूताई म्हणाल्या. "मागावर बसलायस ना तू?"

"बसलो ना. बाबाच्या मांडीत." त्यानं फडकं पिळलं. "आता ते बी गुन्हा झाला का?"

"काल कुलूप कधी लावलंस?"

"दंडार संपली, पाहुणे गाडीत बसले, मंग. आत गेलो, फ्यूज काढला, कुलूप लावलं."

"तेव्हा माग कसा होता?"

"होता तसाच. वरतून चादर टाकली होती. काकू रोज दिवेलागणीले टाकते, तशी."

"चादर उचलून पाहिलंस?"

"दुसऱ्याच्या मागावरची चादर मी कायले उचलू? मले हात लावाले सांगितलं कोणं?" त्यानं पुढची खुर्ची ओढली. "ताई, किल्ली दिली तवा मले वाटलं, लोकायनं भरोसा दिला. नुसती किल्लीच दिली होती म्हणा."

पलीकडच्या कडुनिंबाखाली कोणीतरी संत्री सोलत खोकत होतं.

४

ते दादाजी होते. इतवारीत त्यांचं कापडाचं दुकान. यंत्रमागावर छापल्यासारखे निघालेले करवती काठ ते अस्सल म्हणून विकतात, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, आणि काल दोनदा त्यांनी श्रावणकाकांपुढे लुगड्याची किंमत काढली होती.

"या बाई," ते म्हणाले. "चौकशी माह्याकडे येणारच, म्हणून बसलोच होतो. संत्रं घ्या, काटोलचं आहे."

"काल संध्याकाळी तुम्ही सभागृहात होतात, दादाजी."

"होतो. दंडारीचा ढोलका वाजला तसा बाहेर आलो. आत फक्त हेडाऊची बायको होती, तिचं झाकपाक चाललं होतं." त्यांनी साल उलगडून दाखवली. "आणि ऐका, मी कापड चोरलं असतं ना, तं दातानं कातरा मारून टर्रकन फाडलं असतं. आमची जिंदगी फाडण्यात गेली. हे गाठी मारत बसनं आपल्यात नाही."

उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. कापडवाल्याचा हात कापड फाडतोच.

"मले त्या लुगड्याचं दुःख आहे, बाई," दादाजी जरा खालच्या आवाजात म्हणाले. "कालचं सकाळचं विणकाम मी भिंगातून पाह्यलं. असा दात माह्या बापाच्या दुकानात पाह्यला होता, मंग कधी नाही. दुपारून मात्र त्या फिनलंडच्या मडमेनं भिंग मागून ठेवलं. म्हने, उद्या सकाळी आपण इंचइंच पाहू."

ती मडम म्हणजे हिल्का. उंच, पांढऱ्या केसांची, स्वतः गालिचे विणणारी बाई. गाव निवडण्यात तिचं मत मोठं. विणकराचा हात म्हटलं तर तिचाही होता; पण काल दंडार सुरू झाल्यापासून गाडीत बसेपर्यंत ती सिंधूताईंचं मनगट धरून बसली होती, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत.

सिंधूताई अंगणात एकट्याच फिरत राहिल्या. सभागृहाच्या घड्याळाकडे बघायचं त्यांनी टाळलं. अनुसयाचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता, दिवाळीला मान खाली घातलेला.

सगळे विचारत होते, कुलूपबंद सभागृहात चोर शिरला कसा. पण चोर रात्रीच आला, हे कोणी ठरवलं? कुलपानं ठरवलं. रविंद्रनं कुलूप लावलं ते एका चादरीवर. चादरीखाली तेव्हा कापड होतं की नाही, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

आणि ती कापलेली रेष. धाग्याला धागा लावून, एकही दोरा न चुकवता कापलेली. फ्यूज काढलेल्या अंधारात ती साधत नाही. तिला उजेड हवा आणि धडधाकट डोळे.

दिवेलागणीच्या आधी, सगळे दंडारीला गेलेले असताना, मागापाशी एकच माणूस होतं. रोज चादर टाकणारं.

सिंधूताई कडुनिंबाच्या पारावर बसल्या. उत्तर मिळालं होतं आणि ते कोणालाच नको होतं. कारण आपल्याच मागावरचं, आपल्याच घराचं, आपल्याच गावाच्या आशेचं कापड गोदूकाकू का कापेल?

५

सिंधूताईंना एक वेड होतं. बायका जात्यावर, मागापाशी, शेतात जे गातात ते त्या पंचवीस वर्षं ऐकत आल्या होत्या. ओवी कशी चालते हे त्यांच्या कानाला ठाऊक होतं. ती कुठूनही निघो, चौथ्या ओळीपर्यंत कोणाच्या तरी दाराशी पोचतेच: भावाच्या, आईच्या, नाहीतर देवाच्या.

काल सकाळी गोदूबाई श्रावणकाकांशेजारी पाटावर बसून धाग्याच्या कांड्या भरत गात होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सिंधूताईंनी भाषांतर केलं खरं, पण मन खट्टू झालं. कारण ती ओवी कोणाच्याच दाराशी पोचत नव्हती.

चार घे गा राघू, दोन ठेव झाडाले,
तीन घे गा राघू, तीन ठेव झाडाले,
दोन घे गा राघू, चार ठेव झाडाले...

पुढे परत तीन, परत चार. राघू फळं तोडतो, उरलेली झाडाला ठेवतो, चढतो आणि उतरतो. मध्येच कधी एक वेगळीच ओळ यायची: परत ये गा राघू, पान मोडलं. ती ओळ आली की श्रावणकाकांचा धोटा मागे फिरायचा.

आता पारावर बसून सिंधूताईंनी ती ओवी ओठातल्या ओठात म्हटली, आणि म्हणता म्हणता बोटानं मातीत रेघा ओढल्या. चार, तीन, दोन, तीन, चार. मातीत करवतीचा एक दात उमटला. शेजारी दुसरा.

ती ओवी गाण्यासाठी नव्हतीच. काठ विणणाऱ्याला ती धागे सांगत होती.

आणि ज्याला दिसतं, त्याला धागे कोण सांगतं?

त्यांना श्रावणकाका सकाळपासून नव्यानं दिसू लागले. हाताला धरून आणलेले. मागाकडे न पाहता तळव्यांनी पाहणारे. बोटांनी बायकोची गाठ ओळखली, म्हणून तर हंबरडा फुटला नव्हता. आणि काल दुपारचा चहा झाल्यावर काय घडलं होतं? मधुकरराव लगबगीनं मंचावर आले होते. "बाई, तुमचं गाणं माइकमध्ये येतंय, पाहुण्यांचं भाषण चाललंय. जरा खाली जाऊन बसा." गोदूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं होतं, मग कांड्यांची टोपली उचलली होती. त्यानंतर दंडार सुरू होईपर्यंत श्रावणकाका एकटेच विणत होते. ओवीवाचून.

तेवढ्या विणीत काय झालं असेल, ते आज भिंगाखाली आलं असतं.

सिंधूताई उठल्या. गोदूबाई मागच्या नळापाशी उभी होती, एका हातानं भिंत धरून.

"काकू," सिंधूताई हळूच म्हणाल्या, "ती लोटी उचल बरं खालची."

गोदूबाईनं लोटीकडे पाहिलं. मग सिंधूताईंकडे. नळ चालूच होता.

"कंबर धरली म्हटलं ना."

"कंबर नाही धरली. कंबरेले काहीतरी गुंडाळलं आहेस तू." कितीतरी वर्षांनी सिंधूताईंच्या तोंडात गल्लीतली बोली आली. "काकाले कधीपासून दिसत नाही, काकू?"

गोदूबाईनं नळ बंद केला. तोंडावरून ओला हात फिरवला.

"उजेड अंधार समजते त्याले. धागा नाही दिसत. काठ मीच विणतो घरी, किती दिवसापासून. गावात नाव त्याचं आहे, आन मले नाव कायले पाह्यजे वं? पन इथं त्यालेच बसा म्हणे. मंग मी गाऊन गाऊन विणवलं. त्या कोटवाल्यानं उठवलं मले." तिनं पदराला हात पुसले. "दंडारीच्या वेळी जाऊन पाह्यलं, तं दात सारे पडलेले. उसवाले एवढा टेम नव्हता. दुसऱ्या दिवशी ते बाई काच लावून पाह्यनार होती. साऱ्या दुनियेच्या म्होरं."

"म्हणून कापलं."

"कापलं. आन वीतभर धागा ठेवला. हात आयकत नाही ना. मेलेल्या मागाले कोणी बी तोडते, हा जित्ता होता."

"पोलीस रविंद्रले नेतीन, काकू."

"थो राखणदार?" गोदूबाईचा चेहरा उतरला. "मले वाटलं, चार शब्द बोलतीन अन सोडून देतीन. त्यानं काय केलं?"

"त्याच्याजवळ किल्ली होती."

सभागृहाच्या पुढच्या बाजूनं सायकलची घंटी वाजली. हवालदार आला होता.

"मी सांगितलं तं काकाचं नाव जाते," सिंधूताई म्हणाल्या. "नाही सांगितलं तं तो माणूस जाते. मी काय करू?"

"तू काहून सांगशीन?" गोदूबाईनं ओंजळभर पाणी प्यायलं आणि पदरानं तोंड पुसलं. "तुयं कापड होतं का?"

६

पाहुणे बसले होते. झाकलेल्या मागाकडे सगळे पाहत होते. हवालदार दाराशी उभा, त्याच्या शेजारी रविंद्र. कोणी धरलेला नसूनही धरल्यासारखा. मधुकरराव माइकवर खेद व्यक्त करू लागले होते.

गोदूबाई मधल्या वाटेनं चालत गेली. मंचावर चढली, पाठमोरी झाली आणि लुगड्याच्या निऱ्यांआडून गव्हाच्या रंगाचं कापड वेढा वेढा करून सोडू लागली. ते कापड तिनं मधुकररावांपुढच्या टेबलावर पसरलं, दात पडलेली बाजू वर करून.

"हे मी कापलं," ती म्हणाली. "आमचंच होतं. चोरी बिरी काही नाही. सांग सिंधू याइले."

सिंधूताईंनी सांगितलं.

"ह्याले दिसत नाही. सकाळचं मी गाऊन विणवलं, दुपारचं यानं एकट्यानं विणलं. मी उठून गेली तिथून पाहा, दात मोडले."

पहिल्या रांगेत श्रावणकाका बसले होते. त्यांची मान छातीवर गेली होती. मग ती वर आली.

"सांगून टाकलं वं शेवटी," ते म्हणाले. त्या बोलण्यात राग शोधला तर सापडला असता, पण एक मोठं ओझं उतरल्याचा सुस्काराही होता. "मी बी थकलो होतो लपवून लपवून."

"मग तक्रार कोणाची?" हवालदारानं विचारलं.

कोणाचीच नव्हती. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि काहीतरी करायलाच हवं म्हणून म्हणाले, "रविंद्र, पाहुण्यांना चहा आण."

रविंद्र जागचा हलला नाही.

"चहा दुसरा कोणी आनन," गोदूबाई मंचावरून म्हणाली. "तू इकडं ये गा. तुया बाप पासोड्या विने ना?"

"विने."

"मंग तुले ताण धरता येते. मी म्होरं गाठी बांधतो, तू मांगून ताणा सांभाळ. एकटीच्यानं होत नाही."

रविंद्रनं किल्ली काढून मधुकररावांपुढे टेबलावर ठेवली. मग मंचावर गेला, पण लगेच बसला नाही.

"मी सारं इसरलो, असं समजू नका, काकू."

"काहून इसरशीन? मी केलं ते वाईटच केलं. आठोन ठेव आन ताण धर."

तिनं चादर बाजूला केली, आणि तो मागाच्या मागल्या अंगाला बसला. दोन्ही हातांनी उभ्या धाग्यांचा ताणा धरून त्यानं तो मागे ओढला, सारखा, ना सैल ना घट्ट. बापाच्या मांडीत शिकलेलं अंगातून जात नाही. गोदूबाई एकेक झुबका रुळाच्या काठीला बांधू लागली. वीतभर राखलेले धागे पुरेपूर पुरले. मग ती मागावर बसली, लोकांसमोर, पहिल्यांदा. तिनं पदर कंबरेला खोचला आणि धोटा उचलला.

हिल्का भिंग घेऊन कापलेल्या कापडावर वाकली होती. तिचं बोट चांगल्या दातांवरून सरकत आलं आणि जिथं ते मोडले तिथं थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. मग तिनं सिंधूताईंकडे वळून काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मधुकररावांनी घाईनं विचारलं. "उमरेड गेलं ना?"

"उमरेडला बस कुठून मिळते, असं विचारते," सिंधूताई म्हणाल्या. "आणि ती ओवी पुन्हा ऐकायची म्हणते."

पण गोदूबाई गात नव्हती. तिला मोजायची गरज नव्हती. दात तिच्या बोटांतच होते. मागाचा खटका तेवढा ऐकू येत होता, आणि मागून रविंद्रचा श्वास.

श्रावणकाका जागेवरून उठले. समोरच्या खुर्च्या चाचपत मंचापाशी आले, आणि काल ती बसली होती त्या पाटावर बसले. कांड्यांची टोपली त्यांनी हातानं शोधून मांडीवर घेतली. घसा खाकरला. म्हाताऱ्या, चिरक्या आवाजात, कोणी विचारलं नसताना, ते गाऊ लागले.

चार घे वं मैना, दोन ठेव झाडाले...

"मले सांगू नका," गोदूबाई मान वर न करता म्हणाली. "मले येते."

"मले मालूम आहे तुले येते," श्रावणकाका म्हणाले, आणि पुढची ओळ गायले.